घरचा काटा, बाजारचा काटा: एका स्क्वॉटचं प्रकरण

पश्चिम विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी डिसेंबरात शाळेच्या मैदानावर मांडव टाकून पॉवरलिफ्टिंगची खुली स्पर्धा भरते. वजनांचा बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठायचं तो स्क्वॉट, बाकावर झोपून छातीवरून वर ढकलायचा तो बेंच प्रेस, जमिनीवरून उचलायचा तो डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन अटेम्प्ट, आणि तिन्हींतल्या सर्वात मोठ्या मान्य वजनांची बेरीज म्हणजे टोटल. कापसाची दुसरी वेचणी चालू असते, तरी संध्याकाळी मैदान भरतं. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत ७४ किलो वजनगटात एकोणीस वर्षांच्या एका पोरानं १९२.५ किलोचा स्क्वॉट मारला. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे झेंडे वर गेले, एकाचा लाल. दोन पांढरे म्हणजे लिफ्ट मान्य. त्या दोनातला एक पांढरा झेंडा माझा होता.

फेब्रुवारीत हाच पोरगा बाहेरच्या मोठ्या स्पर्धेला गेला. तिथं १८० किलोवर त्याचे तिन्ही अटेम्प्ट लाल झाले. स्क्वॉटमध्ये एकही लिफ्ट मान्य नाही म्हणजे टोटल नाही, आणि टोटल नाही म्हणजे निकालाच्या यादीत नाव नाही. लोकवर्गणीच्या पैशानं गेलेला पोरगा परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसला होता. शेजारच्या सीटवर मी होतो.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि संध्याकाळी गावातली व्यायामशाळा सांभाळतो. या दोन स्पर्धांच्या मधे काय घडलं, का घडलं आणि त्यानंतर आम्ही काय बदललं, ते सगळं मांडायचं ठरवलंय. आमच्या भागातल्या बऱ्याच व्यायामशाळांत हेच चाललंय, आणि भोगावं लागतं ते पोरांना.

पोरगा आणि त्याचे रॅप्स

बाप बाजार समितीत हमाल, घरी तीन एकर कोरडवाहू. पोरगा बारावीनंतर हंगामात जिनिंगमध्ये लोडिंगला जातो. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ १७० किलोची असते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळं १९२.५ हा आकडा माइकवरून पुकारला तेव्हा मांडवातल्या लोकांनी त्याचा अर्थ आपल्या मापानं लावला: गाठीपेक्षा जड वजन खांद्यावर घेऊन पोरगा बसला आणि उठला. टाळ्या थांबेनात.

त्याच्या गुडघ्यांवर रॅप्स होते. ज्यांनी हे कधी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रॅप म्हणजे इलॅस्टिक विणलेली जाड पट्टी. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयपीएफच्या नियमात तिची लांबी जास्तीत जास्त २ मीटर आणि रुंदी ८ सेंटिमीटर. लिफ्टर खुर्चीवर पाय ताठ करून बसतो, साथीदार दात-ओठ खात पट्टी ताणून गुडघ्याभोवती फेर देत जातो. नीट बांधलेल्या रॅपमध्ये गुडघा आपोआप वाकतच नाही. पोरं काठ्यांवर चालल्यासारखी मंचावर येतात. खाली बसताना पट्टी ताणली जाते आणि उठताना तोच ताण परत मिळतो. बेचकीचं रबर आणि हे, तत्त्व एकच.

ही स्पर्धा आम्ही क्लासिक म्हणून जाहीर केली होती. क्लासिकमध्ये रॅप्स चालत नाहीत. कमरेचा पट्टा, मनगटाच्या पट्ट्या आणि गुडघ्यावर चढवायच्या निओप्रीनच्या, म्हणजे रबरी कापडाच्या स्लीव्ह, जास्तीत जास्त ७ मिलिमीटर जाडीच्या, एवढीच मुभा. पण स्लीव्हच्या चांगल्या जोडीला हमालाची पंधरवड्याची मजुरी जाते, आणि रॅप्स मात्र प्रत्येक व्यायामशाळेत एकदोन जोड्या पडलेल्या असतात. "स्लीव्ह नाहीत तर रॅप्स चालतील" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. साहित्य तपासणीचं टेबलच नव्हतं. पत्रकावर "क्लासिक" छापलेलं होतं, एवढंच.

माझा पांढरा झेंडा

स्क्वॉटचा नियम सांगायला सोपा आहे. मांडी जिथं कमरेला जुळते तिथली वरची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेली पाहिजे. समांतर चालत नाही, खालीच हवी. ही खोली समोरून नीट दिसत नाही. म्हणून तीन पंचांत मुख्य पंच समोर असतो, बार पाठीवर स्थिर झाल्यावर "स्क्वॉट" आणि उठून उभा राहिल्यावर "रॅक" असा इशारा तो देतो, आणि दोघे पंच बाजूला बसतात. खोलीचा खरा निवाडा बाजूच्या दोघांच्या डोळ्यांवर असतो.

त्या दिवशी समोर एका व्यायामशाळेचे मालक होते. डाव्या बाजूला गावातले निवृत्त गुरुजी. तरुणपणी ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. १९१४ साली सुरू झालेल्या आणि १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला पथक घेऊन गेलेल्या त्या संस्थेचं नाव ते आजही उभं राहून घेतात. उजव्या बाजूला मी.

पोरगा खाली गेला. ट्रॅक पँट घातलेली, वरून ढगळ टीशर्ट, त्यामुळं कमरेची घडी कापडात हरवलेली. माझ्या आणि त्याच्या मधे स्पॉटरचा, म्हणजे बार पडू नये म्हणून बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा. तरीही मला दिसलं. जिथून तो वर यायला लागला तिथं मांडी गुडघ्यापेक्षा दोन बोटं तरी वर होती. हे मला त्या क्षणी कळलं होतं, नंतर व्हिडिओ बघून कळलेलं नाही, म्हणूनच ते लिहितोय. तो उठला, बार रॅकवर गेला, मांडवात गलका उठला. माझा हात झेंड्यांवर होता. मी समोर पाहिलं. मुख्य पंचाचा पांढरा वर गेलेला होता. आणि मग माझाही गेला.

गुरुजींचा लाल होता. लोकांनी त्यांच्याकडं पाहून हुर्यो केली. ते तसेच बसून राहिले.

घडी, झेंडे आणि दिवे

आयपीएफच्या स्पर्धेत तीन पंचांसमोर बटणं असतात आणि दिवे एकदम लागतात. शेजाऱ्यानं काय दिलं ते कळायच्या आत तुमचा निर्णय झालेला असतो. ही सोय दिखाव्याची नाही. माणूस दुसऱ्याकडं बघून आपलं मत बदलतो, हे जाणून ती केलेली आहे. आमच्याकडं झेंडे होते, आणि झेंडे एकामागून एक वर जातात. मी घेतलेला निर्णय समोरच्याचा होता, आणि समोरच्याला खोली दिसतच नव्हती.

लिफ्टरनं अंगाला घट्ट बसणारी सिंगलेटच घालावी असा नियम का, हेही त्या दिवशी पटलं. आम्ही तो शहरी थाट समजत होतो. घट्ट कापडात कमरेची घडी दिसते. ढगळ कापडात पंच अंदाज करतो, आणि अंदाज नेहमी गर्दीच्या बाजूनं झुकतो.

लाल दिला तर पंचानं कारणही दाखवायचं असतं. आयपीएफमध्ये त्यासाठी रंगीत कार्ड आहेत. स्क्वॉटमध्ये लाल कार्ड म्हणजे खोली अपुरी. पोराला लगेच कळतं की पुढच्या अटेम्प्टला काय सुधारायचं. आमच्याकडं कार्ड नव्हती, आणि त्याला सुधारायची वेळच मी येऊ दिली नाही.

फेब्रुवारी

मोठ्या स्पर्धेत वजन झाल्यावर साहित्य तपासणी. टेबलामागच्या माणसानं शांतपणे रॅप्स बाजूला ठेवले आणि म्हणाला, क्लासिकला चालत नाहीत. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी इकडंतिकडं स्लीव्ह मागितल्या, त्याच्या मापाच्या मिळाल्या नाहीत. उघड्या गुडघ्यांनी उतरायचं ठरलं. ती हरकत नव्हती, क्लासिकमध्ये उघडा गुडघा चालतो.

खरी चूक त्यानंतरची. पहिल्या अटेम्प्टचा आकडा १८० दिलेला होता आणि फेरी सुरू होण्याआधी तो बदलता येतो. पोरगा म्हणाला, "सर, कमी करू का?" मी म्हटलं, "१९२.५ मारलाय तू. १८० तुले काहीच नाही." माझ्या डोक्यात तो आकडा खरा झाला होता. मीच दिलेला खोटा आकडा, आणि मीच त्यावर विसंबलो.

पहिला अटेम्प्ट: वर आला, पण उंच. तिन्ही दिवे लाल. दुसऱ्याला तो खरोखर खाली गेला, घडी गुडघ्याखाली गेली आणि तिथंच अडकला. स्पॉटरांनी बार उचलला. तिसऱ्याला घाबरून पुन्हा उंचावरून वळला. दोन लाल, एक पांढरा. बेंच आणि डेडलिफ्ट राहिलेच. नंतर व्यायामशाळेत शांतपणे मोजलं तेव्हा रॅप्सशिवाय, पूर्ण खोलीचा त्याचा स्क्वॉट १६२.५ भरला. १९२.५ आणि १६२.५ मधे तीस किलोचा फरक. काही रॅप्सनं उचललेले, काही न गेलेल्या दोन बोटांचे. किती कशाचे, ते वेगळं काढता येत नाही, आणि त्याचं कारण पुढं येतं.

गावात आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा बाप बाजार समितीच्या शेडमध्ये भेटला. पाठीवरचं पोतं उतरवून, कपाळ पुसून म्हणाला, "सर, कापूस घरून भरून नेला का बाजारात जाऊन उतरते. वाळते, म्हणून. पन माह्या पोराचं वजन काहून उतरलं? मले एक सांगा, थो काटा खोटा होता का हा?"

मी सांगितलं, आपला.

पोरानं विचारलं ते आणखी दोन दिवसांनी. व्यायामशाळेत कुणी नव्हतं. तो प्लेट्स जाग्यावर ठेवत होता, पाठमोरा.

"सर, तुमी पाह्यलं होतं ना मी उंच होतो थे?"

"पाह्यलं होतं."

"मंग पांढरा काहून देल्ला?"

त्याचं उत्तर मी त्याला दिलं: गर्दी होती, तू आपला होतास, समोरचा पांढरा दिसला. तिन्ही कारणं खरी होती. एकही पुरेसं नव्हतं.

साधनं आणि पंच एकमेकांना कसे बिघडवतात

या प्रकरणानंतर मी साधनांबद्दल मिळेल ते वाचलं, जुने व्हिडिओ पाहिले. सुरुवातीला माझा समज होता की साधनं हाच सगळा दोष आहे. आता तसं वाटत नाही.

या खेळाचा साधनांशी संबंध जुना आहे. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत लिफ्टर गुडघ्यामागं अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू ठेवून वरून पट्ट्या गुंडाळत. १९७२ मध्ये आयपीएफ स्थापन झाली आणि नियम एकसारखे होऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन इन्झर यांचा बेंच शर्ट आला. छाती आणि बाह्यांवर इतका ताठ की हात समोर धरलेलेच राहतात. बार खाली आणताना कापड ताणलं जातं आणि छातीवरून बार वर फेकायला मदत करतं. स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठीही तसेच ताठ सूट होते. पुढं काही संघटनांनी दुहेरी-तिहेरी थरांच्या कापडाला परवानगी दिली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सनं शर्टशिवाय ३५५ किलोचा बेंच प्रेस केला, तोवरचा सर्वात मोठा. बेंच शर्टात हाच आकडा ६०० किलोच्या पुढं गेलाय. दोन्हींना लोक "बेंच प्रेसचा विश्वविक्रम" म्हणतात. ऐकणाऱ्या माणसानं यातलं काय खरं मानायचं?

घट्ट सूट किंवा शर्ट उठताना मदत करतो, तसा खाली जाताना अडवतोही. रिकामा बार घेऊन सूटमधला लिफ्टर पूर्ण बसूच शकत नाही. शर्टमधल्या लिफ्टरच्या छातीला हलका बार टेकतच नाही. खाली जायला वजनच लागतं. म्हणून पहिला अटेम्प्टही जड ठेवावा लागतो, आणि तो हुकला की पुढचे दोन तितकेच अवघड. अशा खेळात खोलीचा नियम कडक लावला तर बरेच लिफ्टर टोटलविना घरी जातात. आयोजकांना ते नको असतं, प्रेक्षकांनाही नको असतं, आणि लिफ्टर तर दुसऱ्या संघटनेकडं जाऊ शकतो. मग पंचाचा डोळा बोटाबोटानं वर सरकतो. आज दोन बोटं, उद्या तीन. साधन जितकं ताठ, तितका पंचावर ढील द्यायचा दाब जास्त. म्हणूनच आमच्या पोराच्या तीस किलोंतून रॅपचे किती आणि माझ्या झेंड्याचे किती ते वेगळं काढता येत नाही. रॅप्सनं त्याला वरच थांबवलं, आणि तो वरच थांबला तरी चालतं हे मी त्याला सांगितलं.

मग उपाय काय, साधनंच बंद? मला ते पटत नाही. सूट-शर्टातली लिफ्टिंग ही वेगळी विद्या आहे. तेवढं वजन पाठीवर धरून उभं राहायलाही पोलादी कंबर लागते. तिला फसवेगिरी म्हणणारे लोक तिच्यावर अन्याय करतात. उत्तर आमच्या खरेदी केंद्रावर रोज दिसतं. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेते तेव्हा ओलावा मोजते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर खरेदी नाही. १० टक्के ओलाव्याचा कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, कारण ओलावा मोजलेला असतो आणि त्याप्रमाणे भाव मिळतो. गाडीच्या तळाला पाणी मारून कोरडा म्हणून विकणारा मात्र चोर. साधनांचंही तेच. नोंदवलेला रॅप हा मोजलेला ओलावा आहे. क्लासिकच्या पत्रकाखाली बांधलेला रॅप म्हणजे पाणी मारणं.

आयपीएफनं अखेर हेच केलं. २०१२ मध्ये स्टॉकहोमला साधनांशिवायच्या लिफ्टरांसाठी क्लासिक कप झाला आणि २०१३ पासून क्लासिकची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिली रशियात सुझ्दालला. सूट-शर्टातलं, म्हणजे इक्विप्ड वेगळं, क्लासिक वेगळं, विक्रमांच्या याद्याही वेगळ्या. आणि साधनं काढली म्हणून पंचांचं काम संपलं नाही, हेही तिथंच दिसतं. क्लासिक बेंचमध्ये काही लिफ्टर पाठीची एवढी कमान करू लागले की बार दोन-चार इंचच हलायचा. तेव्हा १ जानेवारी २०२३ पासून नवा नियम आला: बार छातीला टेकलेला असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीएवढी किंवा त्याखाली आली पाहिजे. शर्ट नाही, सूट नाही, तरी प्रश्न पुन्हा पंचाच्या डोळ्यापाशीच आला.

प्लेट्सचं वजन

बापाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. काटा खोटा होता. मग वजनंतरी खरी होती का? आमच्या प्लेट्स फाउंड्रीतून ओतून आणलेल्या, वर "२०" असं उठावदार अक्षरात. एका रविवारी आम्ही सगळ्या प्लेट्स ट्रॉलीत घालून बाजार समितीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेल्या. त्या काट्यावर वैधमापनचा शिक्का असतो. एक एक प्लेट ठेवत गेलो, पोरानं वहीत लिहून घेतलं. २० म्हणून असलेली एक १८.७ भरली. दुसरी २०.९. आयपीएफच्या नियमात प्लेट छापील वजनापासून पाव टक्का किंवा १० ग्रॅमपेक्षा जास्त हलू शकत नाही. २० किलोच्या प्लेटला ही मुभा ५० ग्रॅमची.

म्हणजे १९२.५ हा आकडा तीन ठिकाणी फसवा होता: गुडघ्यावर, पंचाच्या झेंड्यात आणि लोखंडात. पोराची ताकद मात्र तिन्हींत खरी होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते याचंच. ज्याच्या अंगात काही नाही त्याला खोटा आकडा दिला तर एक खोटा माणूस मोठा होतो. ज्याच्या अंगात आहे त्याला दिला, तर त्याचं खरंही लोक खोटं समजतात. फेब्रुवारीनंतर गावात बोललं जायचं, "थो फक्त इथंच उचलते."

बैठक

मार्चमध्ये आसपासच्या सहा व्यायामशाळांची बैठक घेतली. मी आधी माझा झेंडा चुकीचा होता ते सांगितलं. मुख्य पंच असलेले मालक गप्प होते. शेवटी म्हणाले, मला तिथून दिसतच नव्हतं. गुरुजींना विचारलं की तुम्ही सगळ्यांच्या विरोधात लाल कसा दिला. ते म्हणाले, "विरोध कायचा? म्या पाह्यलं थे सांगतलं."

आक्षेप आले. पहिला: एवढं कडक केलं तर पोरं येणार नाहीत. दुसरा, जास्त खरा: गरीब पोरांनी स्लीव्ह आणायच्या कुठून? तिसरा कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. खेळाच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि गावागावात त्याची आशा आहे. मोठा आकडा म्हणजे मोठी आशा. मी एवढंच म्हटलं की वरची तपासणी आपल्या मांडवातल्या टाळ्या मोजत नाही.

स्लीव्हच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. सहा व्यायामशाळांनी मिळून तीन मापांच्या दोन-दोन जोड्या घ्यायच्या, स्पर्धेत त्या टेबलावर राहतील, लागेल त्यानं घालाव्या. रॅप्सचा गट स्वतंत्र ठेवला. ज्याला रॅप्स बांधायचेत त्यानं बांधावेत, पण त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात जाईल आणि प्रमाणपत्रावर "गुडघ्याला रॅप्स" असं लिहिलं जाईल. सिंगलेट नसेल तर घट्ट हाफ पँट चालेल, टीशर्ट आत खोचलेला. खोलीचा निवाडा करणाऱ्या बाजूच्या पंचांच्या खुर्च्या बुटक्या ठेवल्या, म्हणजे नजर गुडघ्याच्या पातळीला येते. स्पॉटरांनी पंचाची रेघ सोडून उभं राहायचं, आणि ती रेघ आम्ही चुन्यानं आखली. ज्या व्यायामशाळेचा पोरगा लिफ्ट करतोय तिथल्या पंचानं त्या लिफ्टला बसायचं नाही. माणसं कमी असताना हे पाळणं सगळ्यात जड गेलं. चार पंच तयार करावे लागले.

दिव्यांचं काम आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दोन पोरांनी केलं. एक लाकडी पेटी, सहा बल्ब, तीन हातात धरायच्या पेट्या, प्रत्येकीवर दोन बटणं. आतली जोडणी अशी की तिघांनी दाबल्याशिवाय एकही बल्ब लागत नाही. पहिल्या चाचणीला बल्ब उडाला, दुसऱ्यांदा सगळे एकदम लागले. पेटी माझ्या टेबलावर आठवडाभर होती. रोज संध्याकाळी मी एकटा बसून पोरांच्या सरावाच्या स्क्वॉटवर बटण दाबायचो, मग मोबाइलवर बाजूनं घेतलेला व्हिडिओ पाहायचो. पहिल्या दिवशी बरेच चुकले. उंच स्क्वॉट खोल वाटण्याकडंच माझा डोळा झुकलेला होता. वर्षानुवर्षं तीच सवय.

पुढचा डिसेंबर

गेल्या डिसेंबरात पहिल्या तासातच जेवढे लाल दिवे लागले, तेवढे आधीच्या वर्षी दिवसभरात नव्हते. मांडवात कुजबूज झाली. दोन लिफ्टर स्क्वॉटमध्येच बाद झाले. त्यातला एक चिडून निघून गेला आणि अजून आलेला नाही. ते मला आवडलेलं नाही, पण त्याच्यासाठी खोली वर सरकवणार नाही.

आमचा पोरगा स्लीव्ह घालून उतरला, सामाईक जोडीतल्या. १६० पहिला: तीन पांढरे. दुसऱ्याला १७२.५ मागितला. त्या लिफ्टला मी बाजूला बसलो नव्हतो, नियमच होता. गुरुजी आणि दुसऱ्या गावचे एक शिक्षक बाजूला होते. एक पांढरा, दोन लाल. दोन्ही लाल बाजूचे, कारण खोलीचं. मांडवातून "अरे बसला होता बे!" असा ओरडा झाला. पोरानं पंचांकडं हात जोडले आणि मंचावरून उतरला. मी त्याला फक्त म्हटलं, "दोन बोटं." तिसऱ्याला तेच १७२.५. या वेळी तो खाली गेला आणि तिथं असा थांबला की क्षणभर मला फेब्रुवारी आठवला. मग वर आला, हळूहळू, गुडघे आत न येऊ देता. दिवे लागले: तिन्ही पांढरे. ऐकलेल्या आकड्यापेक्षा वीस किलो कमी, आणि गाठीपेक्षा अडीच किलो जास्त. काट्यावर तपासलेल्या प्लेट्स.

बाप शेवटच्या रांगेत उभा होता, बाजारातून थेट आलेला, खांद्यावर रिकामं पोतं. जवळ येऊन म्हणाला, "हे वजन बाजारात उतरन का, सर?"

"नाही उतरत."

व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवलेला विक्रमांचा फळा आहे. त्यावरचा १९२.५ पुसायचा का, यावर बरीच चर्चा झाली. पोरगा म्हणाला, पुसू नका. त्यानं स्वतः ब्रश घेतला आणि आकड्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं: "रॅप्ससह, खोली अपुरी, अमान्य." खाली नवी ओळ, क्लासिक, १७२.५. मोठी स्पर्धा आता जवळ आली आहे. ओपनर, म्हणजे पहिल्या अटेम्प्टचा आकडा, या वेळी त्यानं स्वतः ठरवलाय, १५५.